गूगलच्या मुलाखतीला ‘ठेव’ लागत नाही

गेल्या आठवड्यात फोंड्याहून थोरल्या बहिणीचा फोन आला. ‘पंचवीस हजार भरायचे आहेत, भरू का?’ एवढेच ती विचारत होती. भाचा फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे, आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर आलेल्या एका संदेशाने घराची झोप उडवली होती. गूगल आयआयटीबाहेरच्यांना घेत नाही, मुलाखतीत कोडीच घालतात, एकदा नापास झालेल्याचे नाव कायमचे काळ्या यादीत जाते, आणि म्हणून परत मिळणारी ठेव भरून ‘आतल्या माणसाकडून’ निवड पक्की करून घ्यावी, असे त्याचे चार दावे होते.

आयआयटीचा दावा फर्मागुडीत तरी कोणी करू नये. गोव्याची आयआयटी २०१६ मध्ये सुरू झाली ती याच महाविद्यालयाच्या आवारात. मग एका इमारतीतला मुलगा लायक आणि शेजारच्या इमारतीतला नालायक कसा? नामांकित संस्थांत मोठ्या कंपन्या स्वतः येतात आणि इतरांना अर्ज करून वाट पाहावी लागते, एवढे मात्र नाइलाजाने मान्य करतो.

कोड्यांची गोष्ट जुनी आहे. गूगलचे तत्कालीन मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक यांनी जून २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला स्पष्ट सांगितले होते की, अशी कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय असून त्यांनी फक्त प्रश्न विचारणाऱ्याला आपण हुशार असल्याचे समाधान मिळते. त्याच मुलाखतीत त्यांनी असेही सांगितले की, गूगलमधल्या काही चमूंत महाविद्यालयात न गेलेल्यांचे प्रमाण १४ टक्क्यांपर्यंत आहे. म्हणजे पहिला दावाही तिथेच निकालात निघतो. प्रत्यक्षात साधारण पाऊण तासात डेटा स्ट्रक्चर (माहिती मांडण्याची रचना) आणि अल्गोरिदमचा (उत्तर काढण्याच्या पायऱ्यांचा) प्रश्न सोडवायचा असतो, आणि सोडवताना आपण काय विचार करतो आहोत ते बोलून दाखवायचे असते. ही पद्धत न्याय्यच आहे असे मी म्हणत नाही. ‘होमब्रू’ हे मॅक संगणकावर सॉफ्टवेअर बसवण्याचे लोकप्रिय साधन लिहिणाऱ्या मॅक्स हॉवेल या प्रोग्रामरने २०१५ मध्ये, फळ्यावर बायनरी ट्री (माहिती झाडाच्या फांद्यांसारखी मांडणारी रचना) उलटा करता न आल्यामुळे गूगलने आपल्याला नाकारल्याचे जाहीरपणे सांगितले होते.

काळ्या यादीबद्दल इतकेच सांगतो की, अशाच एका मोठ्या कंपनीने मला नाकारल्यानंतर दीड वर्षाने पुन्हा बोलावले, आणि पुन्हा नाकारले.

खरा संताप ठेवीचा आहे. गूगलमध्ये मुलाखत घेणारेही एकट्याने निर्णय देत नाहीत. ते अभिप्राय लिहितात आणि तो उमेदवाराला कधीही न भेटलेल्या समितीपुढे जातो, तेव्हा हा ‘आतला माणूस’ नेमके काय पक्के करून देणार? ओळखीचा कर्मचारी शिफारस करू शकतो, पण त्या शिफारशीला पैसे पडत नाहीत, आणि भरतीसाठी आपण शुल्क घेत नाही असे कंपनीही सांगते. भावोजींचा विश्वास बसला तो ईमेलच्या पत्त्यावरून: पत्ता जीमेलचा, जीमेल गूगलचे, म्हणून पत्र गूगलचे! अहो, जीमेलचा पत्ता आपल्या दूधवाल्याकडेही आहे; गूगलची भरतीची पत्रे गूगल डॉट कॉमवरून येतात. शिवाय पैसे जायचे होते ते एका खाजगी व्यक्तीच्या यूपीआय खात्यात.

कोणी आधीच पैसे भरले असतील तर १९३० या सायबर गुन्हे मदतक्रमांकावर ताबडतोब कळवावे, कारण जितका उशीर होईल तितकी रक्कम खात्यात अडवणे कठीण होते. बहिणीने पैसे भरले नाहीत. भावोजींनी मात्र तो संदेश त्याआधीच आणखी दोन गटांवर पाठवला होता, म्हणून हे लिहावे लागले.