नाउरूची विमानसेवा चैन नव्हती, आणि ती बंदही पडलेली नाही

नाउरूबद्दलचा एक मजकूर व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा फिरतो. त्यातला दावा थोडक्यात असा: पॅसिफिकमधल्या या चिमुकल्या देशाला फॉस्फेटमुळे आयता पैसा मिळाला. मूठभर लोकांनी चैनीसाठी सात जेट विमानं घेतली आणि ती रिकामी उडवली. मग पैसा संपला, बँकेनं विमान जप्त केलं, कंपनी बंद पडली. खाली तात्पर्य: आयत्या पैशाची हीच गत.

यात खरं काहीच नाही असं मी म्हणणार नाही. 1980 च्या दशकात एअर नाउरूकडे सात विमानं होती, आणि देशाची लोकसंख्या होती आठ हजारांच्या आसपास. म्हणजे देशातली दहा टक्के माणसं एकाच वेळी हवेत असू शकत होती. सरासरी पाचातल्या चार जागा रिकाम्या जायच्या. तोटा प्रचंड होता आणि तो सरकारी तिजोरीतून भरला जायचा. 1988 मध्ये तर वैमानिकांच्या संपानं सेवाच ठप्प झाली. हे सगळं मान्य. पण ‘चैन’, ‘आयता’ आणि ‘बंद पडली’ हे तिन्ही शब्द चूक आहेत.

आधी ‘चैन’. नाउरू म्हणजे 21 चौरस किलोमीटरचं एकुलतं एक बेट. सगळ्यात जवळचा शेजारी बनाबा, तोही तीनशे किलोमीटरवर. ऑस्ट्रेलियातलं ब्रिस्बेन सव्वातीन हजार किलोमीटरच्या पुढे. बेटाभोवती प्रवाळाचा कट्टा आहे आणि तो ओलांडला की समुद्र एकदम खोल होतो. त्यामुळे धक्क्याला बोट लागेल असं बंदरच तिथे नव्हतं. त्याचं बांधकाम अगदी अलीकडे हाती घेतलं गेलं. इतकी वर्षं जहाजं बाहेर समुद्रात बोयांना, म्हणजे नांगरलेल्या तरंगत्या पिंपांना, बांधून ठेवायची आणि माणसं, सामान बार्जमधून, म्हणजे सपाट तळाच्या होड्यांतून, किनाऱ्याला आणायचं. पश्चिमेचे वारे सुरू झाले की तेही थांबायचं. अशा ठिकाणी माणूस गंभीर आजारी पडला तर त्याला न्यायचं कसं, याचं उत्तर विमान हेच होतं, आजही आहे.

धावपट्टी मात्र होती. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्यानं वेठबिगारी करून घेऊन ती बेटाच्या यारेन या भागात बांधली होती. 1968 च्या 31 जानेवारीला देश स्वतंत्र झाला आणि दोनच वर्षांत, फेब्रुवारी 1970 मध्ये, फाल्कन 20 या छोट्या फ्रेंच जेटनं एअर नाउरूची ब्रिस्बेनची सेवा सुरू झाली. पुढे फोकर एफ-28 आलं, मग बोइंग 737 आणि 727.

सात विमानं आठ हजार लोकांसाठी, हा हिशोबच मुळात चुकीचा मांडला जातो. पहिले राष्ट्राध्यक्ष हॅमर डीरोबर्ट यांच्या काळात नाउरूला पॅसिफिकचं जंक्शन करण्याचा विचार होता. होनियारा, तारावा, माजुरो, ग्वाम, मनिला, हाँगकाँग, ऑकलंड, मेलबर्न: नकाशावर या रेषा ओढून पाहा, मधोमध नाउरू येतो. मोठ्या कंपन्यांना ज्या बेटांकडे वळून बघण्यात रस नव्हता, ती बेटं या विमानांनी एकमेकांना जोडली. व्यवहार म्हणून हा बेत फसला, कारण तेवढे प्रवासी त्या भागात नव्हतेच. पण फसलेला बेत आणि चैन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘आयता पैसा’ या शब्दाचा मला खरोखर राग येतो. बेटावरचं फॉस्फेट 1900 च्या सुमारास सापडलं आणि पुढची साठ वर्षं ते बाहेरच्यांनी नेलं. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या संयुक्त मंडळानं ते जगातल्या भावापेक्षा स्वस्तात आपल्या शेतांवर खत म्हणून टाकलं. जमीन ज्यांची, त्यांच्या हातावर किरकोळ रॉयल्टी. खाण नाउरूच्या ताब्यात आली ती 1970 मध्ये, तीही पैसे मोजून. खणून उजाड झालेल्या जमिनीसाठी नाउरूनं 1989 मध्ये ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, आणि 1993 मध्ये ऑस्ट्रेलियानं 10 कोटी 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देऊन तडजोड केली. स्वतःच्या पायाखालची जमीन विकून आलेल्या पैशाला आयता कसं म्हणायचं? त्या पैशाची गुंतवणूक पुढे वाईट झाली, राज्यकर्त्यांनी उधळपट्टीही केली. त्याचा जाब तिथल्या सरकारांना विचारायलाच हवा, पण तो विमानसेवेच्या माथी मारू नये.

आता ‘बंद पडली’. डिसेंबर 2005 मध्ये कंपनीकडे एकच विमान उरलं होतं, एक बोइंग 737-400. कर्ज थकलं होतं, ऑस्ट्रेलियातल्या कोर्टात हार झाली होती, आणि अमेरिकेच्या एक्झिम बँकेसाठी ते मेलबर्नला ताब्यात घेतलं गेलं. देशाकडे स्वतःचं एकही विमान राहिलं नाही. फिरणारा मजकूर इथेच थांबतो.

पण गोष्ट थांबली नाही. 2006 मध्ये तैवानच्या मदतीनं एक वापरलेलं 737-300 आलं आणि ‘अवर एअरलाइन’, म्हणजे ‘आपली विमानसेवा’, या नावानं उड्डाणं पुन्हा सुरू झाली. 2014 मध्ये नाव बदलून नाउरू एअरलाइन्स झालं. आज तिचा कारभार ब्रिस्बेनमधून चालतो आणि सुरक्षेची देखरेख ऑस्ट्रेलियाच्या नियमांप्रमाणे होते. ब्रिस्बेनहून नाउरू, तिथून तारावा, माजुरो, पोनपेई अशी बेटाबेटानं जाणारी फेरी हा तिचा कणा. नुसत्या तिकिटांवर एवढ्या कमी प्रवाशांत भागत नाही, म्हणून ती विमानं चार्टरनं देते आणि मालवाहतूकही करते. आधीच्या चुकीतून शिकून उभी केलेली ही घडी आहे.

यारेनमध्ये विमानतळाची इमारत आणि धावपट्टी यांच्यामधून बेटाचा मुख्य रस्ता जातो. विमान उतरलं की रस्त्यावरची वाहनं थांबवतात, विमान रस्ता ओलांडून इमारतीपाशी येतं, मग वाहतूक पुन्हा सुरू होते. हे आजही चालू आहे. तेव्हा तो मजकूर पुढे पाठवायचाच असेल, तर निदान ‘कंपनी बंद पडली’ ही ओळ खोडून पाठवा.