गळकं छप्पर कुणी पाहिलंय? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘डच चित्रांतल्या झोपड्या म्हणजे श्रीमंतांच्या भिंतीवर टांगलेली गरिबी, आणि गळकं छप्पर कधी न पाहिलेल्या तुमच्यासारख्या हौशी शहरी लोकांना तीच सुंदर वाटते,’ असं तुम्ही डच चित्रांतल्या झोपड्यांवरच्या माझ्या लेखाला प्रतिक्रिया देताना लिहिलंत. मतभेदाचं मला वावडं नाही. पण मी काय पाहिलंय नि काय नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

माझं बालपण रत्नागिरी जिल्ह्यात, गवताने शाकारलेल्या घरात गेलं. शाकारणी लांबली की आषाढात घरभर भांडी मांडावी लागतात. गवत कुजून कसं खाली बसतं आणि मग वासे कसे उघडे पडतात, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. म्हणूनच डच चित्रकार रेम्ब्रांटच्या १६५० सालच्या तीन झोपड्यांच्या एचिंगपाशी (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून केलेल्या छापचित्रापाशी) मी थांबतो. रस्त्याच्या कडेने मागे मागे जाणारी ती घरं, त्यांची ती जड छपरं! त्यासाठी त्याने एचिंगवर पुन्हा ड्रायपॉइंटची, म्हणजे पत्र्यावर थेट ओरखडे काढणारी, सुई चालवली आहे. डच चित्रकार व्हॅन गॉगने १८८५ मध्ये न्यूनेन या डच खेड्यात रंगवलेली झोपडी पाहा. एका छपराखाली दोन कुटुंबं राहत, म्हणून पुढे दोन दारं आणि वर जोड धुराडं. कोण कुठून आत जातं हे ज्याने पाहिलं, त्याला गरिबीची नुसती शोभा मांडायची होती, असं मी मानणार नाही.

सतराव्या शतकातली अशी डच चित्रं घेणारे बहुतेक शहरातले होते, हे मान्य. पण सगळे श्रीमंत? त्या काळचा डच निसर्गचित्रकार यान व्हॅन खोयेन मातकट रंगांच्या पातळ थरांत झपाट्याने चित्रं पुरी करायचा, त्यामुळे ती स्वस्त पडत. मध्यम ऐपतीच्या घरांतही चित्रं लागलेली असत. आणि खोयेन स्वतः १६५६ मध्ये वारला तो कर्ज मागे ठेवून. त्याला श्रीमंतांचा भाट ठरवण्याआधी एवढं तरी वाचायचं होतंत.



रेम्ब्रांटच्या छपरांत खोटं काय दिसलं, ते सांगा. मी नक्की उत्तर देईन. मात्र ‘तुमच्यासारखे’ने सुरू होणारी पुढची प्रतिक्रिया मी प्रसिद्ध करणार नाही.