खुलासा: टस्कीगीच्या चॅपलचा तो फोटो रॉबर्ट टेलर यांच्या इमारतीचा नाही

तिरक्या विटांच्या भिंती असलेल्या एका चॅपलचा, म्हणजे प्रार्थनागृहाचा, फोटो सध्या फिरतो आहे. सोबतचा मजकूर असा: ‘एमआयटीतून पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय वास्तुविशारद रॉबर्ट टेलर यांनी १८९८मध्ये हे चॅपल बांधले. अमेरिकेतील पाच हजार रोझेनवाल्ड शाळाही त्यांच्याच.’ (रोझेनवाल्ड शाळा म्हणजे ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या देणगीच्या मदतीने अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी उभ्या राहिलेल्या शाळा.)

टेलर यांची पदवी आणि त्यांनी बांधलेले चॅपल, एवढी माहिती खरी आहे. ते १८९२मध्ये एमआयटीतून (अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) बाहेर पडले आणि अलाबामातील टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत रुजू झाले. तिथल्या चॅपलच्या विटा विद्यार्थ्यांनीच पाडल्या होत्या. पण ते चॅपल १९५७च्या आगीत जळाले. फोटोतली इमारत वास्तुविशारद पॉल रुडॉल्फ यांची, लुई फ्राय आणि जॉन वेल्च यांच्या सोबतीने केलेली, १९६९मध्ये पूर्ण झालेली. टेलर तर १९४२मध्येच वारले, तेही आपल्याच चॅपलमध्ये कोसळल्यानंतर. एवढ्या तारखा ताडून पाहिल्या तरी गोष्ट स्पष्ट होते. शिवाय छायाचित्रकार फ्रान्सिस बेंजामिन जॉन्स्टन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी काढलेली टस्कीगीची छायाचित्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. जुना परिसर त्यांत बघता येतो.

शाळांचे म्हणाल, तर सुरुवातीचे नमुना-आराखडे टस्कीगीत, टेलर आणि सहकाऱ्यांच्या हातून झाले. १९२०मध्ये काम रोझेनवाल्ड निधीच्या नॅशव्हिलमधील कार्यालयाकडे गेले, आणि पुढचे बहुतेक आराखडे सॅम्युएल स्मिथ यांच्या देखरेखीखाली तयार झाले. टेलर यांचे श्रेय यामुळे कमी होत नाही. रुडॉल्फ, फ्राय, वेल्च यांचे मात्र त्या मजकुरात पुसले जाते.

कृपया तो फोटो त्या मजकुरासह पुढे पाठवू नका. ग्रुपवर आधीच टाकला असेल, तर त्याखाली हा खुलासा जोडा.