परदेशातून : तारीख कुठली धरायची?

८ ऑगस्टला आमच्या शहरात सुट्टी असते. सगळ्या जर्मनीत फक्त आऊग्सबुर्गच्या हद्दीत. नगरभवनासमोरच्या चौकात लांबच लांब टेबलं मांडतात, लोक घरून डबे आणतात आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला आपल्या डब्यातलं वाढतात. यंदा मी कोथिंबीरवड्या नेल्या होत्या. घरी आले तर काकांचा फोन. दादरला बसून ते १९९१च्या प्रार्थनास्थळ कायद्याबद्दल, म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ला जे प्रार्थनास्थळ ज्या धर्माचं होतं ते तसंच ठेवणाऱ्या कायद्याबद्दल, तळमळून बोलत होते. पुण्यातला पुण्येश्वर, कल्याणचा दुर्गाडी, मलंगगड, वादातल्या सगळ्या जागा आल्या त्या बोलण्यात. शेवटी म्हणाले, "जे आपलं होतं ते परत मागायचं नाही, हा कुठला न्याय?"

काकांचा प्रश्न मला झटकून टाकता येत नाही. आमचं कुलदैवत मंगेश. पोर्तुगीजांच्या धाकाने १५६०मध्ये कुशस्थळीहून रातोरात नदीपलीकडे प्रियोळला नेलेला देव. त्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं. म्हणजे हे दुःख आमच्या घरातलंच आहे. आणि ज्या लाटेने ते आमच्यापर्यंत आलं, तिच्या खुणा मी राहते त्या शहरात पावलोपावली आहेत.

रोमच्या चर्चला आव्हान देणाऱ्या आणि ज्याच्यापासून प्रोटेस्टंट पंथ सुरू झाला त्या मार्टिन ल्यूथरला १५१८मध्ये पोपच्या दूताने माघार घ्यायला सांगितलं ते इथेच. १५३०मध्ये ल्यूथरपंथीयांनी आपली श्रद्धा लेखी मांडली तीही इथेच, बादशहासमोर. मग रोमनेही, म्हणजे पोपच्या कॅथलिक चर्चनेही, स्वतःचं घर आवरायला घेतलं. १५४५ ते १५६३ या काळात ट्रेंटला धर्मसभा भरत राहिली. बिशपने आपल्या प्रांतातच राहायचं, पाद्र्यांना नीट शिक्षण द्यायचं, पापमुक्तीच्या पत्रांचा बाजार थांबवायचा, असे निर्णय झाले. हे सुधारणेचं काम खरं होतं, मनापासूनचं होतं, आणि ते मान्य करायला मला अडचण वाटत नाही. जेझुइट या कॅथलिक संघाचा पाद्री पीटर कानिसियुस आऊग्सबुर्गच्या कॅथीड्रलमध्ये प्रवचनं देत होता, त्याच दशकात, १५६७मध्ये, गोव्यात चर्चची प्रांतिक सभा भरली आणि ट्रेंटचे ठराव तिथे लागू झाले. त्याच वर्षी साष्टीतली देवळं पाडली गेली. इथे जी आत्मशुद्धी होती, ती तिथे आमच्या देवांवर चालून आली.

पण काकांना मी सांगितलं ते १६२९चं. कॅथलिक आणि ल्यूथरपंथीय यांच्यातल्या १५५५च्या तहाने ज्याचा मुलूख त्याचा धर्म असं ठरवलं होतं. आऊग्सबुर्गसारख्या ज्या स्वतंत्र शहरांत दोन्ही पंथ होते, तिथे दोघांनी शेजारी शेजारी राहायचं होतं. पुढे तीस वर्षांचं युद्ध पेटलं. कॅथलिक सम्राट दुसरा फर्डिनांड जिंकत होता तेव्हा, मार्च १६२९मध्ये, त्याने फर्मान काढलं : १५५२नंतर प्रोटेस्टंटांनी घेतलेली चर्चची सगळी मालमत्ता परत करा. कायद्याच्या भाषेत त्याची बाजू लंगडी नव्हती. मठ खरोखरच कॅथलिकांचे होते. पण मधे सत्त्याहत्तर वर्षं गेली होती. त्या भिंतींच्या आत तीन पिढ्यांची बारशी, लग्नं झाली होती. ८ ऑगस्ट १६२९ला आऊग्सबुर्गच्या प्रोटेस्टंट प्रवचनकारांना काढून टाकलं आणि त्यांची उपासना बंद केली. पुढच्याच वर्षी स्वीडनचा प्रोटेस्टंट राजा युद्धात उतरला. १६३२मध्ये त्याने शहर घेतलं आणि पारडं उलटलं. मग सम्राटाच्या फौजेने वेढा घातला, उपासमार झाली, १६३५मध्ये पारडं पुन्हा फिरलं. चाळीस हजारांवरच्या शहरात त्या वर्षीच्या मोजणीत सोळा हजारांच्या आसपास माणसं उरली होती. प्रोटेस्टंटांना चर्च नव्हतं, म्हणून ते संत आनाच्या शाळेच्या अंगणात उघड्यावर प्रार्थना करत. तेरा हिवाळे. आऊग्सबुर्गचा जानेवारी मी पाहिला आहे, म्हणून त्या अंगणात उभं राहिलं की माझ्याच्याने बोलवत नाही.

१६४८मध्ये थकलेल्या लोकांनी वेस्टफालियाच्या तहात एक तारीख धरली : १ जानेवारी १६२४. त्या दिवशी जे ज्याचं होतं ते त्याचं. प्रोटेस्टंटांना १६१८ हवं होतं, कॅथलिकांना १६३०. साम्राज्याच्या सभेत धर्माचा प्रश्न बहुमताने सोडवायचा नाही, दोन्ही बाजूंनी बोलून मिटवायचा, हेही ठरलं. आऊग्सबुर्गमध्ये तर शहराची पदं दोन्ही पंथांत निम्मी निम्मी वाटली. १६५० पासून ८ ऑगस्ट हा शांततेचा दिवस झाला. हाकलल्याची तारीखच सणाची तारीख झाली.

१५ ऑगस्ट १९४७ हा आपला १ जानेवारी १६२४ आहे. १९९१च्या संसदेने, अयोध्या वगळून, तेच केलं. मला हा कायदा हवा आहे, आणि तो मोडायला निघालेल्यांना माझा विरोध आहे.

काका म्हणाले, तारीख धरली म्हणजे अन्यायावर शिक्का मारला. खरं आहे. १६२४ची तारीखही सगळ्यांना न्याय देऊ शकली नाही. ऑस्ट्रियाच्या वंशपरंपरागत मुलखातल्या बहुतेक प्रोटेस्टंटांना तिचा उपयोग झाला नाही. १७३१मध्ये साल्झबुर्गच्या आर्चबिशपने वीस हजारांच्या आसपास माणसं देशोधडीला लावली. तारखेने जखम भरत नाही. तारखेने एवढंच होतं की उद्या नवी जखम करायला कालचं कागदपत्र पुरत नाही. तेही मला थोडं वाटत नाही, कारण ज्यांना ते मिळालं नाही त्यांचं काय झालं ते या शहराच्या मोजणीत लिहिलेलं आहे.

आठवण ठेवू नका असं मी म्हणत नाही. देवळं पाडल्याचा इतिहास शाळेत शिकवा, इन्क्विझिशनचे कागद मराठीत आणा. गोवा सरकारने २०२२च्या अर्थसंकल्पात पोर्तुगीजांनी पाडलेल्या देवळांसाठी २० कोटी ठेवले. त्या पैशांतून कुणाच्या अंगावर न जाता काही उभं राहत असेल तर राहू दे. पण आज ज्या जागेत कुणी गुडघे टेकतं किंवा नमाज पढतं, तिथे जुनं फर्मान घेऊन जाऊ नका.

फोन ठेवण्याआधी काकांना मी एवढंच विचारलं, की मंगेश नदीपलीकडे गेला तेव्हा प्रियोळ कुणाच्या मुलखात होतं? ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आदिलशहाच्या." डिसेंबरमध्ये आम्ही दोघं मंगेशीला जाणार आहोत. वाटेत कुशस्थळीलाही थांबू, असं ते आपणहून म्हणाले.