खासदारांची चैन बंद केली की सातबारा कोरा होईल? जरा हिशोब करून बघू

सांगली जिल्ह्यात विट्यापासून जतपर्यंत कुठल्याही ग्रुपवर जावा, हा मेसेज असतोच. खासदारांना कॅन्टीनमध्ये 1 रुपयात चहा, इन्कम टॅक्स माफ, वर्षाला 5 कोटी खिशात, एक दिवस खासदार झाला तरी जन्मभर पेन्शन, आणि हे सगळं बंद केलं की शेतकऱ्यांचं कर्ज एका झटक्यात फिटेल. राग बरोबरच आहे, मलाही येतो, पण यातलं बरंचसं चूक आहे आणि चुकीचं पाठवलं की समोरचा नेमकं तेवढंच धरतो आणि खरा मुद्दा राहतो बाजूला.

कॅन्टीनचं जुनं झालं, सबसिडी 2021 च्या जानेवारीतच बंद झाली आणि दर वाढले. टॅक्स पगारावर लागतो, सूट आहे ती भत्त्यांवर. 5 कोटी म्हणजे खासदार निधी, ते खासदाराच्या खात्यावर येत नाहीत, तो कामं सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी ऑफिसातून होते. त्यातल्या एखाद्या कामात गडबड वाटत असेल तर त्या कामाचं अंदाजपत्रक माहिती अधिकारात मागा की, खिशात घातले म्हणून कशाला सांगायचं.

पेन्शनचं मात्र खरं आहे आणि त्यावर जेवढं बोलावं तेवढं कमी. माजी खासदाराला महिन्याला 31 हजार, कितीही दिवस सभागृहात असला तरी, आणि पाच वर्षांच्या वर प्रत्येक वर्षाला महिना अडीच हजार जादा. आपल्या माजी आमदाराला 50 हजारांपासून सुरू. आधी आमदार मग खासदार असेल तर दोन्हीकडची. इकडं 2005 नंतर लागलेला शिक्षक जुन्या पेन्शनसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढतोय. पंजाबनं 2022 मध्ये कायदा करून एका आमदाराला एकच पेन्शन केली, मग आपल्याकडं का नाही?

आता कर्जाचं. दोन्ही सभागृहांचे मिळून 788 खासदार, पगार महिन्याला 1 लाख 24 हजार, म्हणजे वर्षाला साधारण 117 कोटी. भत्ते, विमान, बंगले, फुकट वीज धरून दहापट करा, तरी 1,170 कोटी. आणि 2019 ची कर्जमुक्ती एकट्या महाराष्ट्रात 20 हजार कोटींच्या आसपास गेली होती. कुठं मेळ बसतोय?

मोठा पैसा रखडलेल्या कामात जातो. कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी भागाला देणारी आपली टेंभू योजनाच घ्या, 1996 ला मंजुरी मिळाली तेव्हा खर्च साधारण 1,416 कोटी धरलेला, 2024 ची सुधारित मंजुरी 7 हजार कोटींच्या वर. त्यात नवीन गावं वाढली, महागाईही आली, ते मान्य, पण निधी तुकड्यातुकड्यानं आला, काम वर्षानुवर्षं लांबलं आणि तेवढा काळ आटपाडी, खानापूरनं टँकरचं पाणी प्यायलं, त्याची किंमत कुठल्याच मेसेजमध्ये नसते.

म्हणून मेसेज पाठवायचाच असेल तर भावांनो, पेन्शनची ओळ ठेवा, बाकीच्या काढा आणि तिथं टेंभूचे हे दोन आकडे टाका.