बेट्स 'परवडत नव्हता' म्हणणाऱ्यांनो, आधी बेरीज करा

नोव्हेंबर लागला की बेसबॉलमधल्या बोस्टन रेड सॉक्सच्या चाहत्यांची जुनी भांडणं नव्याने सुरू होतात. कोणाला सोडलं, कोणाला घेतलं, कोणाचा ट्रेड (दुसऱ्या टीमशी अदलाबदल) करायला हवा होता. आणि दर वर्षी कोणीतरी तेच तुणतुणं वाजवतं: "मूकी बेट्सला ठेवणं परवडतच नव्हतं हो, लक्झरी टॅक्स होता ना!" डोकं फिरतं हे वाचून. फेब्रुवारी २०२० मध्ये बोस्टनने त्याचा ट्रेड केला, तेव्हापासून तेच वाक्य. मालकाच्या तोंडचं वाक्य चाहत्यांनी इतकं पाठ केलंय की आता ते स्वतःचं मत म्हणून ऐकवतात, आणि एकानेही कागद-पेन्सिल घेऊन आकडेमोड केलेली नसते.

मुळात लक्झरी टॅक्स म्हणजे आयपीएलची पर्स नव्हे. २०२५ च्या आयपीएल लिलावात प्रत्येक संघाच्या हातात १२० कोटी होते, त्यावर एक रुपयाही जाता येत नव्हतं. आपल्या मंडळींच्या डोक्यात तेच चित्र पक्कं बसलंय, म्हणून बेसबॉलमध्येही अशीच भिंत असणार असं धरून चालतात. मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉल लीगमध्ये) अशी भिंत नाहीच! टीमच्या एकूण पगाराची एक रेषा आहे. ती ओलांडली की वर गेलेल्या रकमेवर टक्केवारीने पैसे भरायचे, बस. अख्ख्या पगारावर नाही, फक्त वरच्या रकमेवर. हे एवढं तरी नीट समजून घ्या.

२०२० मध्ये ती रेषा २०८ मिलियन डॉलरवर होती. पहिल्या वर्षी ओलांडली तर २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, सलग तिसऱ्या वर्षी ५०. रेषेच्या २० मिलियनहून जास्त वर गेलात की त्या वरच्या टप्प्यावर आणखी १२ टक्के. ४० मिलियनच्या पलीकडे गेलात की दर अजून चढतो आणि ड्राफ्टमधला (नवे खेळाडू पाळीपाळीने निवडायच्या फेऱ्यांमधला) पहिला पिक दहा जागा मागे जातो. रेड सॉक्सने २०१८ मध्ये नेमकं हेच केलं. ४० मिलियनच्या वर गेले, सुमारे १२ मिलियन टॅक्स भरला, पिक मागे गेला. बदल्यात १०८ सामने जिंकले आणि वर्ल्ड सिरीजही, म्हणजे लीगचं विजेतेपद. २०१९ मध्ये सुमारे १३.४ मिलियन भरले. कोणाचं दिवाळं वाजलं? कोणाचंच नाही.

आता बेट्सचा हिशेब. २०२० साठी त्याचा पगार ठरला होता २७ मिलियन. समजा बाकीची अख्खी टीम नेमकी रेषेवर आहे आणि बेट्सचे सगळे २७ मिलियन रेषेच्या वर आहेत. सलग तिसरं वर्ष म्हणजे सगळ्यात महाग दर. पहिल्या २० मिलियनवर ५० टक्के, म्हणजे १०. उरलेल्या ७ वर ६२ टक्के, म्हणजे ४.३४. एकूण १४.३४ मिलियन. हा झाला बेट्सला ठेवण्याचा दंड. २०१८ चा अमेरिकन लीगचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), ऐन सत्ताविशीतला, राइट फील्डमध्ये गोल्ड ग्लोव्ह हा फील्डिंगचा पुरस्कार घेणारा. त्याच्यासाठी हा आकडा 'परवडत नाही'?

आणि ज्यांना परवडत नव्हतं त्यांनी काय केलं बघा. पिचर डेव्हिड प्राइसच्या करारातले ९६ मिलियन शिल्लक होते. तो करार बेट्सच्या गळ्यात बांधून दोघांना मिळून लॉस एंजेलिस डॉजर्सकडे धाडलं आणि वर प्राइसचे अर्धे पैसे, ४८ मिलियन, स्वतःच्या खिशातून भरले. दंड वाचवण्यासाठी याहून किती तरी जास्त पैसे दुसऱ्या टीमच्या खेळाडूवर! पेटीच्या तळाला मऊ पडलेले आंबे भरले की गिऱ्हाईक वरच्या हापूसचाही भाव पाडतो, हे मार्केट यार्डातल्या कोणालाही विचारा. इथेही तेच झालं. ज्याच्या बदल्यात अख्खी फार्म सिस्टम (तरुण खेळाडूंची फळी) उभी राहायला हवी होती त्याच्या बदल्यात आले अ‍ॅलेक्स वर्डुगो, जेटर डाउन्स आणि कॉनर वाँग. त्यातला डाउन्स बोस्टनकडून १४ सामने खेळला, बॅटिंगची सरासरी .१५४, आणि डिसेंबर २०२२ मध्ये वेव्हरवरून (टीमने सोडलेल्या खेळाडूंच्या यादीतून) वॉशिंग्टनने उचलला. वर्डुगो डिसेंबर २०२३ मध्ये यांकीजकडे गेला. हातात उरला एक कॅचर. डॉजर्सने त्यानंतर २०२०, २०२४ आणि २०२५ अशा तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या, तिन्हीत बेट्स मैदानात.

मग दुसरा बचाव येतो: "तो थांबणारच नव्हता, वर्षाअखेरीस फ्री एजंट (करार संपून कुठेही जायला मोकळा) होऊन गेलाच असता." अहो, ट्रेडनंतर पाच महिन्यांत त्याने डॉजर्सशी १२ वर्षांचा ३६५ मिलियनचा करार केला. फ्री एजंट व्हायची वाटसुद्धा पाहिली नाही! बोस्टनने आधी दिलेला देकार दहा वर्षांचे ३०० मिलियन होता असं त्या वेळच्या बातम्यांत होतं. महामारीमुळे जुलैत बाजार गडबडला होता हे मान्य, पण "थांबणारच नव्हता" हे वाक्य त्याच्या सहीने कायमचं खोटं पाडलंय. डिसेंबर १९१९ मध्ये याच टीमने बेब रूथला यांकीजला विकलं, एक लाख डॉलरला. पुढची वर्ल्ड सिरीज जिंकली ती थेट २००४ मध्ये. बरोबर शंभर वर्षांनी तीच चूक, आणि लोक तिला शहाणपण म्हणतात.

पण माझा खरा राग २०२२ वर आहे, आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

रेषा इतकी पवित्र होती ना? मग २०२२ मध्ये ती का ओलांडली? त्या वर्षी रेषा २३० मिलियन होती. बोस्टन जेमतेम काही मिलियनने वर गेलं, टॅक्स भरला सुमारे १.२ मिलियन. आणि टीम ७८-८४, विभागात तळाला. ट्रेड डेडलाइनला (ट्रेडच्या शेवटच्या तारखेला) क्रिस्टियन वास्केझला ह्यूस्टनला पाठवलं (त्या बदल्यात विलियर अब्रेयू आला, तो सौदा उत्तम होता, हे श्रेय मी देणारच), पण जे. डी. मार्टिनेझ, नेथन इव्हॉल्डी सगळे जागच्या जागी ठेवले आणि वरून एरिक हॉस्मर, टॉमी फॅम आणले. एखादा मोठा पगार कमी केला असता तरी रेषेखाली आले असते.

आता याची किंमत नीट वाचा, कारण ती १.२ मिलियन नाही. मोसम संपल्यावर झँडर बोगार्ट्स आणि इव्हॉल्डी दोघांना क्वालिफाइंग ऑफर दिली, १९.६५ मिलियनची एका वर्षासाठी. दोघांनी नाकारली आणि दुसरीकडे गेले. असा खेळाडू गेला की टीमला भरपाईचा ड्राफ्ट पिक मिळतो. बोस्टन रेषेखाली असतं तर दोन्ही पिक दुसऱ्या फेरीच्या अखेरीस मिळाले असते. रेषेच्या वर असल्याने ते चौथ्या फेरीनंतर ढकलले गेले: १३२ आणि १३३. साठेक जागांचं नुकसान, दोनदा, आणि सोबत त्या जागांना मिळणारं बोनसचं बजेटही गेलं. "१३२ वर क्रिस्टियन कॅम्पबेल मिळाला की!" म्हणून कोणी नाचू नका. स्काउटने चांगलं काम केलं, त्याला सलाम. पण १३२ व्या नंबरपर्यंत शिल्लक राहिलेला मुलगा सत्तराव्या नंबरलाही शिल्लकच होता, आणि तिथे त्याच्यासोबत आणखी साठेक पोरांतून निवडता आलं असतं, अशी सोपी गोष्ट आहे.

म्हणजे एमव्हीपी हातात असताना रेषा ओलांडायची नाही, आणि तळाला असताना कारण नसताना ओलांडायची. यातून एकच अर्थ निघतो की प्रश्न पैशांचा कधी नव्हताच. नियोजनाचा होता.

वाद घालणाऱ्यांची आणखी एक खोड म्हणजे 'या वर्षीचा पगार' बघणं. टॅक्सच्या हिशेबात त्या वर्षी हातात पडणारा पगार चालत नाही, कराराची वार्षिक सरासरी चालते. पहिल्या वर्षी ५ मिलियन आणि शेवटच्या वर्षी ४० दिले तरी टॅक्ससाठी सगळी वर्षं सारखीच. पैसे लांबणीवर टाकले तर त्यांचं आजचं मूल्य काढून सरासरी धरतात. ओहतानीला डॉजर्स करार चालू असताना वर्षाला २ मिलियनच देतात, पण टॅक्सच्या वहीत त्याच्या नावावर वर्षाला सुमारे ४६ मिलियन लागतात. हे माहीत नसताना "डॉजर्सने फुकटात घेतला" असं लिहू नका, कृपा करून.

तसंच ट्रेडच्या कल्पना. "आपले दोन-तीन प्रॉस्पेक्ट (होतकरू पोरं) द्या आणि अमका स्टार आणा!" समोरची टीम नाव विकत नाही, त्या खेळाडूवर उरलेल्या हक्काची वर्षं विकते. फ्री एजंट व्हायला सहा वर्षं सेवा लागते, एक वर्ष म्हणजे रोस्टरवरचे १७२ दिवस. डिसेंबर २०२४ मध्ये पिचर गॅरेट क्रोशेवर दोन वर्षं उरली होती, म्हणून काइल टील आणि ब्रेडन माँटगमरीसह चार जण द्यावे लागले. लोक ओरडले. पण लगेच पुढच्या वसंतात त्याच्याशी सहा वर्षांचा १७० मिलियनचा करार केला आणि त्याने २०२५ मध्ये १८-५ (१८ विजय, ५ पराभव), ईआरए (नऊ डावांमागे दिलेल्या धावा, कमी तितकं चांगलं) २.५९, २५५ स्ट्राइकआउट दिले. ट्रेड असा करायचा असतो. किंमत मोजायची आणि वर्षं बांधून घ्यायची.

आता बाकीचे हिवाळे बघा. इव्हॉल्डीला टेक्सासने दोन वर्षांना ३४ मिलियन दिले, त्याने २०२३ च्या पोस्टसीझनमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत) ५-० करून वर्ल्ड सिरीज जिंकून दिली. बोस्टनने त्या हिवाळ्यात १० मिलियनला कोरी क्लुबर आणला, ईआरए ७.०४. पुढच्या वर्षी, डिसेंबर २०२३ अखेरीस, क्रिस सेलला अटलांटाला दिलं आणि सोबत १७ मिलियन रोख. सेलची तब्येत बेभरवशाची होती, २०२० ते २०२२ मिळून तो फक्त ११ वेळा स्टार्टर म्हणून उतरला, त्यामुळे त्याला सोडण्याबद्दल मी भांडत नाही. भांडतो ते याबद्दल की त्याच दोन दिवसांत लुकास जिओलिटोला दोन वर्षांना ३८.५ मिलियन दिले, जो आदल्या मोसमात ४१ होमरन खाऊन आला होता. मार्चमध्ये त्याचं कोपर गेलं, पूर्ण २०२४ बाहेर. सेलने तिकडे १८-३, २.३८, २२५ स्ट्राइकआउट करून साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) घेतला. बदल्यात आलेल्या व्हॉन ग्रिसमची सरासरी त्या वर्षी .१९०. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात निक पिवेटाने २१.०५ मिलियनची क्वालिफाइंग ऑफर नाकारली, आणि बरोबर तेवढेच २१.०५ मिलियन वॉकर ब्यूलरला एका वर्षासाठी दिले. ब्यूलर: ७-७, ५.४५, ऑगस्टमध्ये नारळ. पिवेटा सॅन डिएगोत: १३-५, २.८७.

आणि थर्ड बेस. राफाएल डेव्हर्सशी दहा वर्षांचा ३१३.५ मिलियनचा करार. फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅलेक्स ब्रेगमनला तीन वर्षांना १२० मिलियनला आणलं आणि डेव्हर्सला थर्ड बेसवरून उठवून नुसता बॅटिंगला बसवला. मे महिन्यात ट्रिस्टन कॅससचा गुडघा गेला, तेव्हा त्याच डेव्हर्सला म्हणाले फर्स्ट बेस खेळ. तो नाही म्हणाला. १५ जूनला सॅन फ्रान्सिस्कोला रवाना. करारातले अडीचशेहून जास्त मिलियन उतरले म्हणून आनंद करणारे होतेच. आले चार जण. त्यातला जेम्स टिब्स दीड महिन्यात डॉजर्सला देऊन डस्टिन मे आणला, थोडे दिवस वापरला, मोसम संपताच तो फ्री एजंट.

ब्रेगमनच्या करारात दर वर्षी बाहेर पडायची मुभा पहिल्या दिवसापासून लिहिलेली होती. त्याने नोव्हेंबरमध्ये ती वापरली तर "दगा दिला" म्हणून त्याला शिव्या का? कागद सगळ्यांसमोर होता. ज्याच्यासाठी डेव्हर्सचा ग्लोव्ह काढून घेतला तो नऊ महिन्यांत मोकळा झाला आणि जानेवारीत शिकागो कब्जकडे गेला, पाच वर्षं, १७५ मिलियन. आणि त्याच रात्री पुन्हा तेच वाक्य वाचायला मिळालं, शब्दही न बदलता: परवडत नव्हता.