मावशींच्या पगारासाठी कुणी टेबल घेतं का?

हॉस्पिस म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणारी संस्था. अशाच एका हॉस्पिसच्या मदतनिधीसाठी हॉटेलात दर वर्षी कार्यक्रम होतो. गाणी, जेवण, काही जणांचे सत्कार. त्याचं निमंत्रण मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं आणि लगेच एका काकांची प्रतिक्रिया आली, "मरणाच्या दारातल्या माणसांच्या नावावर पार्ट्या करायच्या?" त्यावर धडाधड अंगठे. तिथे वाद घालत बसले नाही, इथे सविस्तर लिहिते.

आधी पैशाचं बोलू. आजार बरा होण्याची शक्यता संपली की घरच्यांना सांगतात, "आता घरी न्या." तिथून पुढे वेदना, धाप, जखमा, उलट्या यांचं बघायचं कुणी? ते हॉस्पिस बघतं. भारतातलं पहिलं हॉस्पिस आपल्याच वांद्र्याला, १९८६ साली डॉ. एल. जे. डिसोझा यांनी सुरू केलेलं शांती आवेदना सदन. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. दोन्हीकडे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. आणि घेणार तरी कुणाकडून? किमो, रेडिएशन, परगावी खोलीचं भाडं, बुडालेला रोजगार यात ते घर आधीच धुऊन निघालेलं असतं. पण बिल नाही म्हणजे संस्थेला उत्पन्नही नाही. मग कुणीतरी हात पसरायलाच हवा.

राहिला प्रश्न गाण्या-जेवणाचा. चांगल्या कामाला पैसे उभे करायला करमणूक करायची, हे काही आपल्याला नवीन नाही. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर उभे राहिले होते. गावातल्या शाळेच्या खोल्यांसाठी नाटकाचा प्रयोग लावायचा, स्मरणिकेला किराणा दुकानदाराकडून अर्ध्या पानाची जाहिरात आणायची, हे तर आपल्यातल्या निम्म्या लोकांनी केलंय. तेव्हा दहा जणांचं टेबल विकत घेऊन कुणी पनीर टिक्का खाल्ला तर माझी काही हरकत नाही. माझी तक्रार वेगळी आहे.

माझी मोठी आत्या अशाच एका ठिकाणी गेली. जन्मभर मिश्री लावायची, गालाचा कॅन्सर झाला. शेवटी गालाला आरपार जखम होती आणि तिचा वास इतका की घरातली माणसं दारातून बोलायची. तिलाही ते कळत होतं, म्हणून ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. हॉस्पिसमध्ये पहिल्या दिवशी सिस्टरनी मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या खलात कुटल्या आणि ती पूड जखमेवर भुरभुरली. औषध साधं, कुठल्याही केमिस्टकडे मिळणारं. काही दिवसांत वास इतका कमी झाला की नातवंडं तिच्या कॉटवर बसून पत्ते खेळायला लागली. दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी, रात्रीची चुकू नये म्हणून कुणीतरी जागं. ठरावीक वेळाने कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. बोळा ओला करून तोंड पुसायचं. हे सगळं करणाऱ्या होत्या तिथल्या मावशी. यात महागडं मशीन कुठेच नव्हतं. खर्च होता तो माणसांचा, तिन्ही पाळ्यांचा.

आणि नेमक्या याच खर्चाला कुणी पैसे देत नाही. रुग्णवाहिका द्या म्हटलं की दाता मिळतो, तिच्या दारावर नाव लिहिता येतं. वॉटर कूलर मिळतो, सोलर पॅनेल मिळतं, एअर बेड मिळतात. सीएसआरवाल्यांनाही, म्हणजे सामाजिक कामाला पैसे देणाऱ्या कंपन्यांनाही, अहवालात फोटो लावायला काहीतरी वस्तू लागते. मावशींच्या पगारावर पाटी कुठे लावणार? म्हणून मला वाटतं की वर्षातल्या या एका संध्याकाळचं खरं काम म्हणजे बिनपाटीचे पैसे गोळा करणं. स्टेजवर कोण येतं, हे त्या दृष्टीनेच ठरायला हवं.

गेल्या वर्षी सत्कार कुणाचे होते सांगते. एक केशकर्तनालयवाले, जे दर आठवड्याला येऊन रुग्णांच्या दाढ्या करून देतात, पैसे घेत नाहीत. अवघड काम आहे हो ते, गालावर जखम, हाताला थरथर, आणि समोरच्याला आरशात बघायचंही नसतं. दुसरे एक टेम्पोवाले, जे रात्री-अपरात्री गावी मृतदेह पोहोचवतात आणि फक्त डिझेलचे पैसे घेतात. तिसऱ्या एक मावशी. निवड अगदी उत्तम होती. पण आधी प्रायोजकांचे सत्कार, मग प्रमुख पाहुण्यांचं लांबलचक भाषण, आणि या तिघांची पाळी आली तेव्हा मागे बुफेची झाकणं वाजायला लागली होती. निवेदकाने मावशींचं आडनाव चुकवलं. शाल-श्रीफळ पिशवीत टाकून त्या जेवण न करताच निघाल्या, कारण त्यांना नाईट होती.

त्याआधी पडद्यावर रुग्णांची फिल्म दाखवली होती. मागे सतार, क्लोज-अपमध्ये डोळे. ही फिल्म मात्र बंदच करा. "परवानगी घेतली होती" असं उत्तर मिळालं. पण जो माणूस फुकट अंथरुणावर पडलाय, ज्याची रात्रीची गोळी तुमच्या हातात आहे, तो नाही म्हणेल कसा? सह्या असतीलही, त्या मी धरत नाही.

रुग्णाचं नाव घ्यायचंच असेल तर दाता म्हणून घ्या. आधुनिक हॉस्पिसच्या गोष्टीत पहिली देणगी एका रुग्णाचीच आहे. डेव्हिड टास्मा, पोलंडहून लंडनला आलेला ज्यू निर्वासित, हॉटेलात वेटर. १९४८ साली कॅन्सरने गेला. जाताना त्याने सिसिली सॉन्डर्स यांच्या नावे, म्हणजे पुढे ज्यांनी आधुनिक हॉस्पिस उभं केलं त्या बाईंच्या नावे, ५०० पौंड ठेवले, तुमच्या घरातली एक खिडकी माझी, अशा अर्थाचं बोलून. आता कुणी म्हणेल, बघा, त्यानेही वस्तूच दिली! खरंय, पण त्या बाईंना त्या खिडकीभोवती घर उभं करायला १९ वर्षं लागली. त्यांचं लंडनमधलं हॉस्पिस, सेंट ख्रिस्तोफर्स, सुरू झालं १९६७ मध्ये. म्हणजे बाकीचा सगळा पैसा त्यांनाही दारोदार फिरूनच जमवावा लागला.

केरळात याला वेगळं वळण मिळालं. तिथल्या गावागावांतल्या पॅलिएटिव्ह (म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या) गटांचा मोठा आधार शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या छोट्या छोट्या देणग्या. १५ जानेवारी हा तिथे पॅलिएटिव्ह केअर दिन. थोडे थोडे पैसे, पण पुष्कळांकडून, आणि तेच लोक रुग्णाच्या घरीही जातात. आपल्याकडे ते जमेपर्यंत हॉटेलातली संध्याकाळ चालू द्या, फक्त सत्कार सूप यायच्या आधी उरका आणि त्या मावशींना बदली द्या, म्हणजे जेवून जातील.

ज्यांना यायचं नाही पण द्यायचंय, त्यांच्यासाठी: पावती मागून घ्या. जुन्या करपद्धतीत असाल तर देणगीवरची करवजावट (जिला ८०जी म्हणतात) लागू आहे का विचारा, नव्या पद्धतीत ती वजावट मिळत नाही. २,००० रुपयांवर रोख देऊ नका, त्यावर तशीही सूट नाही. आणि फॉर्मवर 'देणगी कशासाठी' असं विचारलं असेल तर 'पगार' लिहा. मी भरला त्यात इमारत, उपकरणं, औषधं, अन्नदान एवढेच पर्याय होते. मी 'इतर'वर खूण करून शेजारी लिहिलं, आणि ऑफिसातल्या बाईंनी ते चालेल ना, म्हणून आत जाऊन विचारलं. चाललं.